पिवळीसाठी शेजार

आक्का दार कधी पूर्ण उघडत नसे. हातभर फट करायची, आधी स्वतःच्या मागे बघायची आणि म्हणायची, "तिरका होऊन ये, बाळा. पिवळी मोकळी आहे." आक्का माझी थोरली बहीण. तिच्या सोलापूरच्या घरात मी पन्नाशीतही अंग चोरूनच शिरत असे. दाजी आतून ओरडत, "सासुरवाडीची माणसं चोरासारखी येतात आणि शेजारी मला विचारतात!"

पिवळी म्हणजे तिची लव्हबर्ड. मुठीत मावेल एवढी, पण भारी तिखट. आक्काच्या खांद्यावर बसून पदराची किनार कुरतडायची, दुसरे कुणी जवळ आले की चावायची. राळ्याचे दाणे खायची तेही फक्त आक्काच्या तळहातावरून. आम्हाला त्याचे कौतुक होते. मग आक्काचे हृदय दमू लागले. तिला दवाखान्यात ठेवावे लागले आणि ती परत येईपर्यंत पिवळीने वाटीला जवळजवळ चोच लावलीच नाही. घरी आल्यावर आक्काने तिला हातात घेतले. पिवळीच्या छातीचे हाड बोटाला टोचले, तशी आक्का खालीच बसली.

"हिला मीच बिघडवलं," ती म्हणाली. "आता हिला सोबत पाहिजे. मी असताना."

ती हे इतक्या सहज म्हणाली की दाजी उठून बाहेर गेले. परत आले ते हिरव्या पाखरांची जोडी घेऊन. घरात आणायचे तर जोडीने आणावे, एकटे पाखरू आणणे बरे नाही, एवढाच त्यांचा विचार. आक्काने कपाळाला हात लावला.

"अहो, एकच आणायचं होतं की! ही दोघं एक होणार. भांडण लागलं तर माझ्या एकटीचं काय चालणार?"

"तुझं?"

"पिवळीचं हो."

पण जोडी तिने परत पाठवली नाही. मागच्या खोलीत ठेवली, पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांचा काही आजार पिवळीला लागू नये म्हणून कितीतरी आठवडे त्यांचे दाणापाणी करून आली की हात धुवायची, साडी बदलायची, मगच पिवळीपाशी जायची. "आमच्या घरात कधी सोवळं नव्हतं," दाजी म्हणायचे, "ते पाखरांपायी आलं." आक्का हसायची नाही. "आधी आवाज, मग नजर, मग शेजार," एवढेच म्हणायची. भिंतीपलीकडचा चिवचिवाट पिवळीच्या ओळखीचा झाला, तेव्हा कुठे हिरवा पिंजरा हॉलमध्ये आला, तोही समोरच्या कोपऱ्यात. पुढे दोन पिंजरे शेजारी आले, पण मधे वीतभर जागा राखून, गजांतून एकमेकांच्या पायाची बोटे चावता येऊ नयेत म्हणून.

या सगळ्यात आक्काची धाप वाढत होती. जिना चढणे तर बंदच झाले होते.

पहिली भेट ठरली ती ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी. पिवळीच्या पिंजऱ्यात कुणाला सोडायचे नाही, तो तिचा मुलूख. म्हणून हॉलमधल्या टेबलावर वाट्या दूर दूर मांडल्या. पाखरे पात्यात सापडू नयेत म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. भिंती तापलेल्या. घाम आक्काच्या हनुवटीवरून गळत होता. दाजी पुटपुटले, "पाखरांच्या लग्नात वऱ्हाड भाजून निघालं." आक्काने बोट ओठांवर ठेवले.

हिरवी जोडी एका कडेला बसली. पिवळीने मान आखडली, टेबलावरून चार पावले चालली आणि अचानक नराच्या पायावर तुटून पडली. मादी मागून तिच्यावर आली. पिसे उडाली. मी हात पुढे केला.

"हात नको! पुठ्ठा!"

तो तिने आधीच मांडीवर धरला होता. मधे सरकवला. पाखरे पांगली. टेबलावर रक्ताचा एक ठिपका होता, नराच्या बोटाचा. जखम धुऊन झाली आणि आक्का म्हणाली, "पिंजरे पुन्हा लांब करा. पहिल्यापासून सुरू करू."

"पहिल्यापासून?" दाजींचा आवाज चढला. "अगं, तुझ्याकडं तेवढे..." आणि ते थांबले.

आक्काने पदराने तोंड पुसले. "माझी घाई तिच्या बोकांडी कशाला?"

पिंजरे लांब गेले आणि सावकाश पुन्हा शेजारी आले, वीतभर अंतरावर. दुसरी भेट झालीच नाही. त्याआधीच आक्का पुन्हा दवाखान्यात गेली आणि तिथेच संपली.

दिवसकार्य उरकेपर्यंत मी दाजींकडेच राहिलो. पिवळी दांडीच्या टोकाला पिसे फुगवून बसलेली. मी तळहातावर दाणे धरले, ती पाठ फिरवून बसली. भेटायला आलेल्या एका बाईंनी सुचवले, "सोडा की तिला त्या दोघांत, माया लागेल." इतके दिवस घाईवर असलेले दाजी तडक उठले आणि पिंजऱ्यापुढे उभे राहिले. "न्हाय. तिनं ठेवलंय तसंच राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे चहा घेत बसलो होतो. हिरवी जोडी वाटीत उतरून राळे फोडू लागली. टरफलांचा बारीक कुरकुर आवाज येत होता. पिवळीने मान वाकडी करून बराच वेळ तो ऐकला. मग एकेक गज धरत ती खाली आली, त्या दोघांकडे बघत स्वतःच्या वाटीच्या काठावर बसली आणि तिने एक दाणा उचलला. मग आणखी एक.

दाजींनी कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "अगं, खाल्लं बघ तिनं!"