भासऱ्यांची डबलरोटी

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनच आवडले नाहीत. आणि पुढे आवडावेत असं त्यांनी काही केलंही नाही. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला तेव्हा त्यांना काही महिने तिकडच्या कचेरीत पाठवलं होतं. तिथून ते दिग्रसला परत आले ते मुंबई तोंडात घेऊनच. मुंबईला लोक असे जेवत नाहीत, मुंबईला लोक असे बसत नाहीत. ज्या माणसानं घरात पाण्याचा पेला कधी स्वतः भरून घेतला नाही, तो आम्हाला राहणी शिकवायचा.

त्या हिवाळ्यात सासूबाईंना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण आतडी फार नाजूक झाली. डॉक्टर म्हणाले, इतक्यात भाकर नको, दुधात भिजवून डबलरोटी द्या. जिनिंगच्या रस्त्यावर एक बेकरी होती. पण तिथलं पीठ शिंदीची दारू घालून फुगवतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सासूबाई कडक सोवळ्याच्या. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"शिंदीत भिजवलेलं मी तोंडात घालू? त्यापेक्षा मले मरू द्या."

"मरायचं काही काम नाही, आई," भासरे म्हणाले. "मी घरीच भट्टी लावतो. मुंबईले मी रोज पाहत होतो."

काय पाहत होते देव जाणे. दुकानाच्या फळीवर मांडलेले पाव पाहत असतील.

परसात विहिरीच्या पलीकडे जागा ठरली. भट्टी भासऱ्यांची, पण माती तुडवली जाऊबाईंनी आणि मी. पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा घालून आम्ही दोघी गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि भासरे धुतलेल्या धोतरात, पायांत वहाणा घालून दूर उभे. विटांचा ओटा बांधायला गवंडी आला, त्यालाही त्यांनी मुंबईचं पुराण ऐकवलं. ओट्यावर बांबूचं मोठं टोपलं पालथं घातलं, त्यावर आम्ही मातीचे थर दिले, पुढं तोंड ठेवलं. वाळल्यावर आत जाळ केला की टोपलं जळून जातं आणि घुमट उभा राहतो. घुमट राहिला. एवढं एकच काम त्या भट्टीनं धड केलं.

पहिल्या दिवशी त्यांनी पऱ्हाट्या जाळायला लावल्या. कपाशीची ती वाळकी काटकं भडकन पेटली आणि तशीच विझली, निखारा म्हणून उरला नाही. पिठात शिंदीऐवजी दही आणि खायचा सोडा. तोंडाला घासलेटच्या डब्याचा पत्रा लावून आम्ही वाट पाहत बसलो. बाहेर आलं ते वरून पांढरं, आतून चिकट आणि हातात घेतलं तर वरवंट्याएवढं जड. दुसऱ्या दिवशी बाभळीची लाकडं घातली, तेव्हा डबलरोटीचा कोळसा निघाला.

"पीठ तुम्ही नीट मळलं नाही," भासरे म्हणाले. माझ्याशी ते थेट बोलत नसत, रीतच नव्हती, म्हणून भिंतीकडे पाहून म्हणाले. जाऊबाईंनी खाली मान घातली.

आणि मग एके दिवशी सकाळी डबलरोटी झाली. भासरे स्वतः थाळीत घेऊन आले. सोनेरी, मऊ, पिसासारखी हलकी.

"मी पहाटे उठून लावली," ते म्हणाले. "बायकांच्या हातचं काम नाही हे."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुधात बुडवून त्यांनी दोन तुकडे खाल्ले. नंतर रोज सकाळी डबलरोटी येऊ लागली. भेटायला येईल त्या बाईला सासूबाई सांगायच्या, "माझा लेक चुलीपाशी बसला माझ्यासाठी. पाहा ना."

एक दिवस मी भांडी घासायला राख आणायला भट्टीशी गेले. पत्रा बाजूला केला तर आत गोणपाटावर मांजर व्यालेली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. ती भट्टी कितीतरी दिवस पेटलेलीच नव्हती.

मी नवऱ्याला सांगितलं. तो दाढी करत होता.

"आईच्या पोटात अन्न जाऊन राह्यलं ना? मग तुले कायले पाहिजे चौकशी?"

सगळं घर एका मापाचं होतं. पाव बेकरीतला होता याचं मला काही नव्हतं. लपवून का होईना, तो म्हातारीच्या अंगी लागत होता. पण दुसऱ्यानं भाजलेल्या पावावर मातृभक्ती मिरवायची, ही माणसाची कुठली जात?

सासूबाईंनी एवढं कौतुक केलं की ते कचेरीपर्यंत गेलं. एका रविवारी भासऱ्यांचे साहेब चहाला आले. डबलरोटी खाऊन खूश झाले आणि म्हणाले, "चला, तुमची भट्टी तर दाखवा."

"ती... आता गरम आहे, साहेब."

साहेब तोवर परसात पोचले होते. त्यांनी पत्रा काढला तशी मांजर फिस्कारली. साहेब दोन पावलं मागे सरले, मग पोट धरून हसले. "अहो, तुम्ही मांजरं भाजता की काय?"

सासूबाई काठी टेकत मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. साहेब गेल्यावर त्यांनी विचारलं, "मग मी रोज काय खाल्लं?"

"आई, तुझ्या तब्येतीसाठीच..."

"तब्येतीचं मी नाही विचारून राह्यली. कोणाच्या हातचं खाल्लं ते सांग."

तेव्हा जाऊबाई बोलल्या. "बेकरीतलं, आत्याबाई."

सासूबाईंनी त्याच पावली विहिरीवर जाऊन डोक्यावरून गार पाणी घेतलं. आम्ही घाबरलो, पण ताप उलटला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ज्वारीची कण्हेरी मागितली आणि तीच खाऊन बऱ्या झाल्या. भट्टी त्या उन्हाळ्यात आम्ही फोडली.

भासऱ्यांना लाज वाटली असेल असं कुणाला वाटेल. त्यांना राग आला, आणि तोही बायकोचा. चारचौघांत तिनं आपली अब्रू घेतली म्हणाले. तिथं होतो आम्ही घरचेच. पुढं त्यांची नेरला बदली झाली.

काही वर्षांनी त्यांच्या मुलाच्या मुंजीला मी नेरला गेले. स्वयंपाकघरात बसले होते, तर ओसरीवरून त्यांचा आवाज आला. पाहुण्यांना सांगत होते, "डॉक्टरांनी हात टेकले होते. आमची आई माझ्या हातच्या डबलरोटीवर उठली."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या कणीक मळत होत्या.

"तुम्ही काहीच म्हणत नाही?"

"म्हटलं होतं ना एकदा," त्या म्हणाल्या. "वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी. काय शांती होती वो बाई!"

मग त्यांनी परात माझ्याकडे सरकवली आणि आम्ही पुऱ्या लाटायला बसलो.