लवंगतेलाची बाटली

आल्याचं बेणं लावून झालं आणि पिंप धुवायला वाकले, तर तळातून लवंगेचा वास आला. सासूबाईंना हाक मारली. या पिंपात मी ट्रायकोडर्मा वाढवला होता. ही हिरवी बुरशी मुळं कुजू देत नाही, म्हणून मजूर बायकांनी बेणं त्यातच बुडवून लावलं होतं.

सासूबाई सहज म्हणाल्या, "पाण्याला बुरशी धरली होती गं. पावसाळ्यात बुरशी जावी म्हणून कपाटं पुसते ना, ती लवंगतेलाची बाटली ओतली."

राखणदार कोण नि चोर कोण, तेलाला काय कळणार? मीही आजवर घरातून चांगलं काय काय पुसून टाकलं असेल!

वाफ्यातली मूठभर माती हुंगली. बेणं तगलं की कुजलं, हे कोंब आल्यावरच कळणार; त्याला अजून तीन आठवडे होते. मातीला लवंगेचा सुरेख वास येत होता.