शेरा नसलेली ओळ

माझा स्वभावच संशयी. दूधवाला हसून बोलला तरी आज पाणी जास्त घातलं असणार, असं मला वाटतं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेलचं फिल्टर सांभाळायचं काम मिळालं, तेव्हा बायको म्हणाली, “बरं झालं, आता संशय घ्यायचा पगार मिळेल.”

फिल्टरमध्ये एक व्हाइटलिस्ट होती. तिच्यातल्या पत्त्यांवरून आलेलं मेल न तपासता थेट आत यायचं, अनोळखी पत्त्यांचं अडकून पडायचं. यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढलेली. कुठली ओळ कुणी, कशासाठी टाकली याचा शेरा पुढे लिहायचा नियम होता. पण परचेसचे साहेब चहाच्या टपरीवर गाठून म्हणायचे, “टाकून द्या ना राव, ओळखीतला माणूस आहे.” शेरा राहूनच जायचा.

एका दुपारी मी यादी साफ करायला बसलो. एका पत्त्यावर माझं डोकं सणकलं. कुठल्याशा मुलीचं नाव, पुढे जन्मसाल. हिचा आमच्या कंपनीशी काय संबंध? साहेबांचंच काहीतरी लफडं असणार, अशी मी मनातल्या मनात खात्री करून टाकली. त्यांना विचारलं नाही. चोराला विचारून कुणी झडती घेतं का? ओळ उडवली आणि आठवडाभर त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघत राहिलो. त्या ओळीवर एका घराचं पोट होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

महिन्याभरानं गेटवरून फोन आला. काळेवाडीत साच्यांना पॉलिश करून देणारे एक चाचा आले होते. साहेब रजेवर, म्हणून मी खाली गेलो. इस्त्रीचा शर्ट, नखांत काळं ग्रीस.

“साहेब, आमचं काम बंद केलं का? कोटेशन मुलीच्या मेलवरून पाठवतो नेहमी. उत्तरच येईना. फोन केला तर म्हणतात, मेल करा, बघतो. सारखा फोन करायचा म्हणजे बरं नाही दिसत. एक मशीन विकायला काढलंय आता.”

मुलीचा मेल म्हणताच मला ती उडवलेली ओळ आठवली. वर जाऊन अडकलेली मेलं उघडली. त्यांची सात निघाली. पहिल्या काहींत दर होते, नंतर नुसती विचारणा. शेवटचं एका ओळीचं: ‘आमची काही चूक झाली असेल तर माफ करा, पण सांगा.’ मला माझी लाज वाटली. ओळ परत यादीत टाकली, मेलं परचेसकडे सोडली. दोन कामं तोवर दुसऱ्याला गेली होती.

खरं सांगायचं ठरवूनच जिना उतरलो. तोंडातून निघालं, “सर्व्हरला प्रॉब्लेम होता, चाचा.”

“असं होय!” त्यांचा चेहरा उजळला. “मी उगाच पोरीवर ओरडत होतो, तूच चुकीचं पाठवत असशील म्हणून. रडली हो बिचारी. आज घरी जाऊन तिची माफी मागतो.”

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मी ते घेऊ दिले.