आपांनी तळहातावर ओतलेलं तेल

शमीमआपांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊनच. बीडच्या डायलिसिस केंद्रात मी टेक्निशियन म्हणून नुकताच लागलो होतो. एक रुग्ण सारखे अंग ओरबाडत होते. मी म्हणालो, "काका, खाजवू नका." मागून मुख्य परिचारिका असलेल्या आपांचा आवाज आला, "तुला एक मच्छर चावू दे, मग बघू किती दम धरतोस!"

मूत्रपिंडं थकली की कातडी कोरडी पडते, रात्रंदिवस खाज सुटते. डॉक्टरांच्या संमतीनं आपा औषधांना मालिशची जोड देत. खोबरेल तेलात कडुनिंबाचा पाला त्या घरीच कढवून आणत. डायलिसिसची सुई टोचलेला हात वगळायचा, जखमेवर लावायचं नाही, ही शिस्त कडक. पण स्वतः त्या सहसा चोळत नसत. सोबत आलेल्या माणसाच्या तळहातावर तेल ओतत. याचं कारण मला तलवाड्याचे बाबूराव आले तेव्हा कळलं.

बाबूरावांची खाज इतरांनाही लागेल असं समजून घरच्यांनी त्यांचं अंथरूण, तांब्या, सगळं वेगळं काढलं होतं. पत्नी गयाबाई इथंही लांबच बसत.

"घरात नातवंडं हायत, आपा. मी कावून हात लावू?"

"लागट न्हाई हे, बाई. रक्त साफ होत न्हाई म्हणून खाजतंय."

आपांनी आधी स्वतःचा हात बाबूरावांच्या पाठीवर ठेवला, मग गयाबाईंच्या तळहातावर तेल ओतलं. बाई भीतभीत चोळू लागल्या. बाबूराव भिंतीकडं तोंड करून रडले. "लई दिसांनी हात लागला," एवढंच म्हणाले. खाज पुरती गेली नाही, पण त्यांना झोप लागू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात बाबूराव गेले. आम्हा सगळ्यांनाच ते फार लागलं. तेराव्यानंतर गयाबाई केंद्रात येऊन बाकावर बसल्या. म्हणाल्या, "आपा, दिवस मावळला की हात तेलाकडं जातो. आता कुणाला चोळू?"

आपा कुणाकडून पेलाभर पाणीही मागून घेत नसत. त्यांनी चपला काढल्या, गयाबाईंशेजारी बसून पाय पुढं केले. "माझे लई दुखत्यात," म्हणाल्या. गयाबाई रडत रडत चोळत राहिल्या. आपाही रडत होत्या.

आज आपांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं मी मनापासून मागतो. पण माझ्यापेक्षा गयाबाईंचं मागणं मोठं आहे. या गौरवग्रंथाबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आपांना म्हणावं, लई जगा. तुमचे पाय चोळायला माझे हात अजून हायत."