वाळूखालची माती

कुंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात दुपारची पानं लावत होतो. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पाणी पण नाही मागितलं…" आणि फोन ठेवला गेला. सुरेशदादा माझे चुलतभाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून त्यांना पाणी मोजून मिळत असे. घरी गेलं की पहिला शब्द पाण्याचाच ऐकू यायचा. त्या दिवशी तो नव्हता, एवढंच वहिनींना सांगायचं होतं.

दादांनी बालाघाटच्या महाविद्यालयात निवृत्तीपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवलं. नंतर त्यांनी बैठकीत काचेची मोठी टाकी मांडली. मासे थोडे, पाणवनस्पती पुष्कळ. आलेला माणूस मासे पाहायचा आणि दादा त्याला पानं दाखवायचे. जुन्या पानांना बारीक छिद्रं पडली तर पोटॅश कमी, नवी पानं फिकट आली तर लोह कमी. तळाशी वैनगंगेची धुतलेली वाळू होती. तिच्यावर शोभेसाठी घालायला वहिनींनी एकदा संगमरवराचे पांढरे खडे आणले. दादांनी एका खड्यावर लिंबू पिळलं, फेस आला. "चुना आहे याच्यात. पाणी जड करन हे," ते म्हणाले. "पोह्यावर पिळाचं लिंबू होतं ते," वहिनी म्हणाल्या. खडे तुळशीच्या कुंडीत गेले.

नदीची वाळू मुळांना धरून ठेवते, खायला काही देत नाही. म्हणून दादा रोज सकाळी द्रव खत मोजून पाण्यात सोडत. आजारपणात बाकीची कामं एकेक सुटली, हे सुटलं नाही. डायलिसिससाठी गोंदियाला जायचं असो वा नसो, ते भिंतीला धरून टाकीपर्यंत येत. त्यांना स्वतःला पोटॅशियम वर्ज्य होतं. केळं नाही, शहाळं नाही, बटाटासुद्धा दोनदा उकळून. "माझ्या वाटचं पोटॅश आता हे खाऊन राह्यले," ते पानांकडे बोट करून म्हणत. वहिनी या विनोदाला कधी हसल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात गोंदियाहून परतताना मी त्यांच्यासोबत होतो. राजेगावला आमच्या काकांचं शेत आहे. दादांनी गाडी थांबवायला लावली आणि धानाच्या बांधीतली माती पोतंभर भरून घेतली. बरीच वर्षं तिथे रासायनिक खत पडलेलं नव्हतं, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. घरी ती माती त्यांनी भिजवली, गच्चीवर वाळवली, पुन्हा भिजवली, तणसाच्या काड्या वेचून काढल्या. वहिनींनी हे पाहिलं.

"चांगली चाललेली टाकी काहून उकरता?"

"वाळू असली का रोज हातानं द्या लागते. मातीतलं मुळं आपल्या आपण घेतात. मंग कोणाले पाहाचं काम नाही."

"मंग द्या ना रोज. तेवढ्यासाठी तर उठता तुम्ही."

दादा काड्या वेचत राहिले. मी तो खत देण्याच्या दोन पद्धतींचा वाद समजलो. वहिनींना त्याच क्षणी कळलं होतं. आपल्यामागे टाकी जगावी, तिचा भार कोणावर पडू नये, ही तयारी चालली होती. आणि वहिनींना नेमकी तीच होऊ द्यायची नव्हती. दादांना सकाळी अंथरुणातून उठवणारं आता एवढंच उरलं होतं.

तरीही माती चाळताना चाळणी वहिनींनीच धरली. तळाशी दोन बोटं माती, वर ती दाबून ठेवायला तितकीच वाळू, आणि थर उसकटू नये म्हणून बशीवर हळूहळू पाणी. मासे टबात ठेवले होते. सुरुवातीला पाणी गढूळ झालं, वास सुटला, ते पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. मग निवळलं. नवी पानं आधीपेक्षा रुंद आली. खताची बाटली कपाटात गेली. दादा सकाळी उशिरा उठू लागले, नंतर कधी दुपारीच… उन्हाळा संपायच्या आत ते गेले.

मागच्या आठवड्यात मी बालाघाटला गेलो. टाकीत दर्शनी काचेपर्यंत हिरवं दाटलं होतं. मासे शोधावे लागत होते. देठ पाण्याच्या वर येऊन वाकले होते. वहिनी पदर खोचून, ब्लाऊज बेतायची कात्री घेऊन, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसल्या होत्या.

"म्हणे पाहाचं काम नाही," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आठवडाभर नाही कापलं तं खाली अंधार होते, बुडातली पानं सडतात. वाळूत इतकं वाढत नव्हतं."

"दादांच्या लक्षात नसेल आलं…"

"भाऊजी, जिंदगीभर तेच शिकवलं त्यायनं."

कापलेले शेंडे त्या बादलीत टाकत होत्या. काहींना पेरापेराशी पांढरी मुळं फुटलेली होती. टाकी कोणाला देऊन टाकायची का, हे विचारायचं मी ठरवून आलो होतो. विचारलंही.

"अशी कशी देऊ?" वहिनी म्हणाल्या. "वाढून राह्यली ना अजून."

मग त्यांनी बादलीतला एक शेंडा उचलला, बुडाची पानं खुडली आणि मोकळ्या झालेल्या जागी, वाळूतून खाली मातीपर्यंत, बोटानं दाबून बसवला.