अलास्काला निघालो, बैलाच्या कोपऱ्यात पोचलो

मला अलास्काला जायचं होतं. तिथे पार उत्तरेला ग्विचिन नावाच्या आदिवासींचं एक चिमुकलं गाव आहे. पूर्वी सरकारने जमिनीच्या हक्काच्या बदल्यात पैसे देऊ केले, तेव्हा या गावाने "पैसे तुमच्याकडेच ठेवा" म्हणत जमीनच मागून घेतली. हे वाचल्यापासून मी पेटलो होतो. मग विमानाचं भाडं बघितलं आणि विझलो.

"आदिवासी आणि जमीनच बघायची ना?" बायको कणीक मळता मळता म्हणाली. "बारवी धरणाकडे जा. दोनशेचं पेट्रोल."

योगायोगाने आमच्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत बाळू आहे. ठाकर समाजाचा, कंत्राटावर काम करतो. त्याचा पाडा बारवी धरणाच्या पलीकडे. घरची जमीन आजोबा-पणजोबांपासून कसलेली, पण कागदावर वनखात्याची. आता वनहक्क कायद्याखाली आईच्या नावाने दावा करायचा होता आणि शनिवारी जमिनीच्या कडेने फिरून नकाशा काढायचा होता. तो संध्याकाळच्या ग्रामसभेत द्यायचा. मी म्हटलं, मी येणारच.

प्रवासी म्हटला की बूट आले. उल्हासनगरच्या बाजारात सिंधी दुकानदाराने एक जोडी पुढे सरकवली. "साईं, ये पहनके बर्फ पे भी चलो."

"अलास्का चलेगा?"

"अलास्का, मनाली, जिधर मर्जी!" साडेसहाशेला पडले. घासाघीस केली असती तर पाचशेला मिळाले असते, हे तुम्ही लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी बदलापूरच्या शिरगावातून स्कूटर काढली, रेल्वेच्या पुलावरून पश्चिमेला उतरलो, हेंद्रेपाडा मागे टाकला, नदी ओलांडली आणि बारवीचा रस्ता धरला. रस्ता बरा आहे, फक्त खड्ड्यांनाही तो आवडतो. नाश्ता नदीच्या अलीकडेच उरका, पुढे टपऱ्या विरळ होत जातात. डांबर संपलं तिथे एका अंगणात गाडी लावली आणि तिथे थांबलेल्या बाळूच्या मागे पायवाटेने निघालो. दोन्हीकडे साग, मध्येच एखादं मोहाचं झाड. हवा अशी की आपण बदलापुरातच राहतो याचा संशय यावा.

बाळूच्या आईने, पाड्यात सगळे त्यांना आजीच म्हणतात, कोरा चहा दिला. मी लगेच ग्विचिन पुराण लावलं.

"तिथं पिकतं काय?" आजींनी विचारलं.

"काही नाही हो आजी. नुसता बर्फ."

"मंग जमीन कशाला पायजे त्यांना?"

"तिथून कॅरिबू नावाची जनावरं जातात. मोठ्या हरणासारखी. त्यांची वाट मोकळी राहावी म्हणून जपतात."

"जनावरांची वाट," असं स्वतःशीच म्हणत आजींनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मला वाटलं, माझ्या ज्ञानाने भारावल्या.

मोजणी सोपी असते. खुणेच्या दगडापासून फोन हातात धरून कडेकडेने चालायचं, फोन रेघ ओढत जातो. परत दगडापाशी आलं की रेघ जुळते आणि क्षेत्र दिसतं. फोन माझा चांगला होता, म्हणून चालणारही मीच, असा मी हट्ट धरला. बाळू म्हणाला, "साहेब, बांध सोडू नका फक्त. एकेक फूट आपला हाय."

अर्धा बांध मी झोकात चाललो. कोपऱ्यात ऐनाच्या झाडाखाली पाड्याचा बैल बसला होता. त्याने उठून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, हे मला नंतर सांगण्यात आलं. मी बांध सोडून जो पळालो तो ओढा ओलांडून समोरच्या टेकाडावर. वाटेत बुटाचा तळ सुटला आणि बूट मगरीसारखा तोंड उघडून धावू लागला.

नकाशा बघून सगळा पाडा हसला. आजींच्या जमिनीला हत्तीसारखी सोंड फुटली होती, तीही ओढ्यापलीकडे. आजी डोळे पुसत म्हणाल्या, "आरं, टेकाड बी माझ्या नावावर केलं का काय!"

पुन्हा मोजायला हवं होतं आणि ऊन कलत होतं. या वेळी आजी पुढे, मी मागे फोन घेऊन, बूट सुतळीने बांधलेला. त्या कोपऱ्यापाशी आजी सरळ बांध सोडून आतून वळल्या.

बाळू ओरडला, "आये, कोपरा राहिला!"

"ऱ्हाऊ दे. तिथं गुरं बसतात समद्यांची."

"म्हणून काय झालं? कंपनीतलं काम सुटलं तर मी खोपी कुठं बांधू? त्याच कोपऱ्यात ना?"

"त्या बर्फातल्या मानसांनी नाय ठेवली जनावरांना जागा?" आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इचार तुझ्या सायबाला."

बाळूने माझ्याकडे जे बघितलं त्यापुढे बैल परवडला. "साहेब, तुम्ही मोजायला आलेला का वाटायला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आजी, तिकडे जमीन लाखो एकर आहे हो," असं मी पुटपुटलो, पण आजी पुढे गेल्या होत्या. रेघ जुळली. कोपरा बाहेर राहिला. ग्रामसभेत आजींनी नकाशा दिला, अंगठा उठवला आणि गुरांच्या बसायच्या जागेची नोंद गावाच्या सामाईक दाव्यात करायला लावली. जमिनीच्या हक्काचा पट्टा हातात यायला अजून बऱ्याच कचेऱ्यांची वाट आहे. बाळू मला गाडीपर्यंत सोडायला आला, पण दहा पावलं पुढेच चालत राहिला.

घरी पोचलो. सोसायटीत माझ्या पार्किंगच्या जागेत एक कुत्री पिल्लांना घेऊन झोपली होती. माझं मन भरून आलं. म्हटलं, झोप बाई, जमीन सगळ्यांची आहे. आणि गाडी शेजारच्या काकांच्या जागेत लावली.

वरून काका ओरडले, "अहो, ती माझी जागा आहे! उदार व्हायचं तर स्वतःच्या जागेत व्हा!"

मी गाडी गेटबाहेर रस्त्यावर नेऊन उभी केली आणि तिथूनच बाळूला फोन लावला. "बाळू, चुकलंच माझं. काय चाललंय?"

"काय नाय साहेब. बैल बसलाय कोपऱ्यात. आय खूश हाय. मी नाय."