साडूभाऊंची उमेदवारी

जगातल्या सगळ्या माणसांचे, आमच्या साडूंच्या मते, दोनच प्रकार: डाव्या पायाने खेळणारे आणि उजव्या पायाने खेळणारे. जे खेळतच नाहीत त्यांना ते माणसांत धरत नाहीत, आणि माझी रवानगी लग्नाच्या मांडवातच तिकडे झाली. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. मी जळगावला बँकेत, ते पाचोऱ्याला. तरुणपणी रेल्वेच्या संघातून फुटबॉल खेळले, गुडघा गेला तेव्हा गळ्यात शिट्टी अडकवली आणि गावातल्या दोन पिढ्या मैदानावर पळवल्या. ती शिट्टी ते आंघोळीलाही काढत नाहीत, अशी त्यांच्या बायकोची तक्रार. धाकट्या मेव्हणीला स्थळ आलं तेव्हा आम्ही सगळे मुलाचा पगार विचारत होतो. साडूंनी त्याला अंगणात फक्त चालायला लावलं. "डाव्या पायाचा आहे, सोडू नका," असा निकाल दिला. संसार सुखाचा झाला, आणि त्याचं श्रेय ते आजही कुणाला देत नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पालिकेने त्यांच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं. साडूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैदान वाचवायला ते थेट पालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले. समोर कोण, तर त्यांनीच घडवलेला सेंटर फॉरवर्ड, आता सिमेंटचा व्यापारी. गाळे झाले तर सिमेंट कुणाचं जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी रजा टाकून प्रचाराला गेलो आणि डोक्याला हात लावला. साडू दारोदार जायचे, पण मत मागायचं सोडून मतदाराची जुनी पापं काढायचे. तू हाफ टाइमला घरी पळायचास, तू पास म्हणून कधी दिला नाहीस. एका वकिलाला तर त्यांनी अशिलांसमोर पोट आत घ्यायला लावलं. तरी लोक हसून म्हणत, सर, मत तुम्हालाच. वारं आमच्या बाजूचं होतं, हे मी शपथेवर सांगतो.

मतदान तोंडावर आलं आणि सिमेंटवाल्याने मळ्यात भरीत पार्टी ठेवली. आमंत्रण सगळ्या वॉर्डाला, साडूंनाही. थंडीच्या दिवसांत भरिताचं आमंत्रण नाकारणं आमच्या खानदेशात बसत नाही. नुसतं तोंड दाखवून येऊ, असं ठरवून गेलो. तिथे कपाशीच्या काड्यांचा भलताच जाळ पेटवलेला, वांगी वरून करपलेली आणि आत कच्ची. साडूंचा चेहरा पाहून मी त्यांची बाही घट्ट धरली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"बठ्ठा जाळी टाकात रे. सरका तथा," म्हणाले, आणि सगळ्यांना बाजूला सारून, शिट्टी फुंकून चुलीचा ताबा घेतला.

मग काय विचारता! वांगी कुणी फिरवायची, साल कुणी काढायची, मिरच्या कुणी कुटायच्या, सगळ्यांना जागा वाटून दिल्या. सिमेंटवाल्याला कांद्याची पात चिरायला बसवलं, आणि तोही "हो सर" म्हणून बसला. असं भरीत झालं की लोक ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांवर पुऱ्या हाणत बोटं चाटत राहिले. आणि गावभर एकच अर्थ निघाला: गुरुशिष्यांत समेट झाला, सरांनी माघार घेतली. मतदानात साडू सणकून पडले.

मी त्यांच्यावर भयंकर चिडलो. त्याच्या पार्टीत वांगी भाजायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, असं तोंडावर विचारलं. ते माझ्याकडे खरोखरच न समजून बघत राहिले.

"मग लोकेस्ले कच्चं वांगं खावाडू का?"

गाळे झाले. निवडून आलेल्या सिमेंटवाल्याला थोडी तरी लाज होती, तो पालिकेच्या सभेत भांडला आणि निम्मं मैदान वाचलं. त्या निम्म्यात गोल एकच उरला. साडूंनी शिकवणं सोडलं नाही. दोन्ही संघ त्याच एका गोलवर चढाई करतात. मध्ये पाचोऱ्याला गेलो तेव्हा गाळ्याच्या पायरीवर बसून मी तो अजब सामना पाहिला. केस पांढरे झालेले, गुडघा ओढत साडू पोरांवर ओरडत होते. मला हसू आलं. मी विचारलं, "साडूभाऊ, एकाच गोलवर दोघं, भांडणं होत नाहीत?"

"व्हतस ना," ते म्हणाले. "म्हणीसन तं रोज येतस."

आणि शिट्टी ओठांना लावता लावता त्यांची नजर दुकानांच्या शटरांकडे गेली, जिथे एके काळी दुसरा गोल होता.